आपलाच आवाज परत ऐकू येतो? आधी पलीकडच्याला आवाज कमी करायला सांगा



मासेमारी बंदी सुरू आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. मालीम असो, कुटबण असो की खारीवाडा, सगळीकडे इंजिनं उघडलेली आहेत, जाळी दुरुस्त होताहेत, तळाला रंग लागतोय. या सगळ्या खर्चात एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही, ती म्हणजे केबिनमधली बोलण्याची साधनं. फोन, ब्लूटूथ स्पीकर, व्हीएचएफ, डेकवरचा भोंगा. हंगामात कुणी ना कुणी सांगतोच, "स्पीकरवर बोललो की माझाच आवाज मला परत ऐकू येतो", "माईक चालू केला की कुंईं करून शिटी वाजते", "घरचे म्हणतात तुझं अर्धंच कळतं". आणि मग प्रश्न येतो, नवा फोन घेऊ का?

बहुतेक वेळा नवा फोन लागत नाही. लागते ती जागा बदलणं, आवाज उतरवणं आणि गडबड नेमकी कुठल्या टोकाला आहे हे ओळखणं. आज त्याबद्दल सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण बोट जेटीला आहे तोवर वाचून घ्या.

दोष कुणाच्या फोनचा?

समजा, तुम्ही बोटीवरून घरी फोन लावलाय. तुम्ही म्हणता, "बर्फ संपलाय, उद्या सकाळी येतो." आणि पाव-अर्ध्या सेकंदाने तुमच्याच कानात तुमचंच वाक्य परत येतं. माणसाला साहजिकच वाटतं की आपला फोन बिघडला. पण विचार करून बघा, तुमचा आवाज परत यायचा तर तो आधी घरी पोचायला हवा. तो पोचला. घरच्या फोनच्या स्पीकरमधून बाहेर पडला. तिथल्याच फोनच्या माईकने तो पुन्हा पकडला आणि घरच्यांच्या आवाजाबरोबर तुमच्याकडे परत पाठवला. म्हणजे तुमचा फोन ठणठणीत आहे, आवाज परत येतोय तो घरच्या फोनमधून.

ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुष्कळ झालं. जो घुमणारा आवाज ऐकतो, त्याच्याकडे दोष नसतो. दोष समोरच्याकडे असतो, आणि समोरच्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याला सगळं स्वच्छ ऐकू येत असतं. म्हणून बोटीवरचा माणूस आपला फोन आपटतो, बंद-चालू करतो, आणि घरची माणसं मात्र फोन टाइल्सच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवून, आवाज पूर्ण चढवून, बाजूला टीव्ही लावून चौघं मिळून बोलत असतात.

याची परीक्षा सोपी आहे. घुमायला लागलं की पलीकडच्याला सांगा, "स्पीकर बंद कर आणि फोन कानाला लाव." घुमणं तिथल्या तिथे थांबलं तर उत्तर मिळालं. उलट घरच्यांनी "आमचाच आवाज आम्हाला ऐकू येतो" म्हटलं, तर मात्र आपल्या केबिनकडे बघायचं.

शिटी ही त्याच रोगाची पुढची पायरी. जत्रेतल्या नाटकाला साउंडवाल्याने माईक जरा स्पीकरच्या तोंडासमोर नेला की काय होतं ते सगळ्यांनी ऐकलंय. माईकने स्पीकरचा आवाज घेतला, मशीनने तो वाढवला, स्पीकरने बाहेर टाकला, माईकने पुन्हा घेतला. प्रत्येक फेरीत आवाज थोडा जरी वाढत असेल तर तो फुगत जातो आणि किंचाळायला लागतो. प्रत्येक फेरीत थोडा जरी कमी होत असेल तर विरून जातो. मध्ये फारसं अंतर नाही. म्हणूनच आवाजाचं बटण जरासं उतरवलं तरी शिटी एकदम बंद होते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. आपल्याकडे त्याला शिटीच म्हणतात, आणि तेवढं पुरे.

फोनच्या आत काय चालतं

मग प्रत्येक फोन स्पीकरवर घुमत का नाही? फोनमध्येही स्पीकर आणि माईक अवघ्या वीतभर अंतरात असतात. घुमत नाही, कारण फोन सतत एक वजाबाकी करत असतो. स्पीकरला कुठला आवाज पाठवला हे फोनला माहीत असतं. तो आवाज भिंतींवर आपटून माईककडे कसा परत येतो, किती उशिरा, किती बारीक होऊन, याचा फोन अंदाज बांधतो आणि माईकमधून आलेल्या आवाजातून तेवढा भाग वजा करतो. उरतो तो फक्त तुमचा आवाज.

या युक्तीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपलाही एक माणूस आहे. १९६५ मध्ये 'अर्ली बर्ड' हा व्यापारी वापराचा पहिला भूस्थिर दूरसंचार उपग्रह वर गेला. हे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि घुमून परत यायला आणखी पाव. अर्ध्या सेकंदाने आपलं बोलणं आपल्याच कानावर आदळलं की माणूस अडखळतो, बोलणं सुचत नाही. त्याआधीची साधी उपाययोजना म्हणजे एक जण बोलत असताना दुसऱ्याची वाट चक्क बंद करायची. त्यात शब्द तुटायचे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ही वजाबाकीची, स्वतः शिकत जाणारी पद्धत विकसित झाली, आणि तिच्यावरचा एक पायाभूत लेख १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला तो भारतातून तिकडे गेलेले मन मोहन सोंधी यांचा. आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये त्याच विचाराचं पुढचं रूप आहे.

पण ही वजाबाकी जमायला काही अटी असतात. आणि बोटीच्या केबिनमध्ये आपण नेमक्या त्याच अटी मोडतो.

पहिली अट, स्पीकरने जे सांगितलं तेच वाजवलं पाहिजे. आवाज पूर्ण चढवला की छोटा स्पीकर फाटतो, खरखरतो. पाठवला एक आवाज, निघाला दुसराच. फोन वजा करायला जातो आणि खरखर तशीच शिल्लक राहते. इंजिन चालू असताना आपण काय करतो? आवाज पूर्ण चढवतो. म्हणून एरवी बरा चालणारा फोन इंजिन चालू केलं की घुमायला लागतो. एक-दोन घरं खाली उतरवा आणि फोन जवळ घ्या. जास्त ऐकू येतं, कमी नाही.

दुसरी अट, आवाजाची वाट तीच राहिली पाहिजे. फोन डॅशबोर्डवरून हातात, हातातून खिशात असा फिरला की फोनला नवा अंदाज बांधावा लागतो. म्हणून एक जागा ठरवा आणि फोन तिथेच ठेवा.

तिसरी गोष्ट आपल्या धंद्यातली खास आहे, ती म्हणजे खाऱ्या पाण्यापासून वाचवायला घातलेली प्लास्टिकची पिशवी. पाऊच गळ्यात अडकवायला चांगलं, फोन वाचतो, त्याबद्दल वाद नाही. पण स्पीकरवर बोलताना ते पाऊच म्हणजे फोनभोवतीची एक छोटी बंद खोली. स्पीकरचा आवाज बाहेर कमी जातो आणि आतल्या आत माईकला मात्र भरपूर मिळतो. तुमचा आवाज प्लास्टिकच्या बाहेर अडतो. पलीकडच्याला तुमच्यापेक्षा स्वतःचाच आवाज जास्त येतो. जाड रबरी कव्हरची भोकं जरा सरकलेली असली तरी हेच होतं. महत्त्वाचं बोलायचं असेल तेव्हा केबिनच्या आडोशाला फोन पाऊचबाहेर काढा. किंवा पाऊचमध्येच ठेवायचा असेल तर स्पीकर बंद करून कानाला लावा.

माईकच्या भोकात मीठ साचतं, तेल बसतं, खवला अडकतो. बऱ्याच फोनना खाली एक माईक आणि वर एक असतो. वरचा आजूबाजूचा गोंगाट ओळखायला. त्यातला एक बुजला की फोनला इंजिन कुठलं आणि माणूस कुठला हे कळत नाही. मऊ कोरड्या ब्रशने साफ करा. सुई किंवा टाचणी घालू नका, आत पाणी अडवणारा पातळ पडदा असतो, तो फाटला की फोन पहिल्याच लाटेत गेला समजा.

आता बाहेरच्या स्पीकरचं. केबिनमध्ये गाण्यांसाठी मोठा ब्लूटूथ स्पीकर असतो, फोन आला की तो आपोआप त्याच्यावर जातो. त्या स्पीकरला स्वतःचा माईक असेल तर फोन सहसा तोच वापरतो आणि वजाबाकीही स्पीकरमध्येच होते. ती चांगली की वाईट हे त्या स्पीकरच्या किमतीवर. आणि तो स्पीकर छताच्या कोपऱ्यात टांगलेला असेल तर माईकही तिथेच, तुमच्यापासून दोन मीटर दूर, इंजिनाच्या आवाजात. वायर लावून फोन मोठ्या मशीनला जोडणं त्याहून अवघड. अनेक फोनना वाटतं हेडफोन लावलाय, म्हणजे घुमण्याची भीती नाही. ते वजाबाकी सैल सोडतात. इकडे मशीनमधून केबिनभर आवाज घुमत असतो. गाण्यांसाठी काय ते वापरा, पण फोनवर बोलण्यासाठी हा जोड ठेवू नका.

आणि मशीनवर 'इको' नावाचं बटण असेल तर ते शून्यावर. भजनाला, कराओकेला ते गोड वाटतं, पण तांडेलाच्या हुकुमाला नको. बेसही उतरवा. माणसाचं बोलणं समजायला जड आवाज फारसा लागत नाही. जुने टेलिफोन ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालायचे आणि सगळं कळायचं. जड आवाज वाढवला की तो फक्त इंजिनाच्या घरघरीत मिसळतो.

आकडे का चुकतात

इथे थोडं थांबतो, कारण खरा धोका इथे आहे. घुमणं हा नुसता त्रास असता तर एवढं लिहिलं नसतं.

फोनची वजाबाकी पुरी पडली नाही की फोन जुन्या पद्धतीवर येतो. समोरचा बोलत असताना तुमचा आवाज दाबून टाकतो. समोरच्याचं बोलणं संपत आलं आणि तुम्ही सुरुवात केली, तर तुमच्या शब्दाची सुरुवात कापली जाते. शेवट जातो, सुरुवात जात नाही.

आता आपले आकडे बघा. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. शेवट सगळ्यांचा सारखाच, 'चाळीस'. फरक आहे तो फक्त सुरुवातीला, आणि फोन नेमकी सुरुवातच खातो. पलीकडे पोचतं "…चाळीस". ऐकणारा उरलेलं मनाने भरतो. हिंदीतही तीच गत आहे, बयालीस आणि सैंतालीस. बोटीवर ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकातले कामगार असतात, त्यांच्याशी आपण हिंदीतच बोलतो, तिथे तर गोंधळाला आणखी वाव.

किती फरक पडतो? अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. कुणी सांगितलं "पंधरा अंश बेचाळीस मिनिटं" आणि ऐकणाऱ्याने लिहिलं सत्तेचाळीस, तर पाच मिनिटांचा फरक, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. बोट तेरेखोलच्या तोंडासमोर बंद पडलीय आणि शोधायला निघालेली दुसरी बोट पार रेडीच्या पलीकडे बघतेय. पावसाळी वातावरणात, रात्री, सव्वानऊ किलोमीटर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून जागा सांगताना आकडे सुटे सांगायचे. "एक, पाच. चार, दोन." रेडिओवर जगभर आकडे असेच सुटे बोलतात. आधी एक फालतू शब्द टाका, म्हणजे कापला गेला तर तो जाईल, "ऐक हां, लिहून घे, एक, पाच…" समोरच्याचं बोलणं पूर्ण थांबू द्या, मनात एक मोजा, मग बोला. आणि ऐकणाऱ्याने तेच आकडे परत म्हणून दाखवायचे. घरच्यांनाही हे शिकवून ठेवा. वहिनी, आई, मुलगी, फोन उचलणारं कुणीही असो, फोनजवळ पेन आणि कागद हवा. आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर जागा पाठवतात ते उत्तमच, पण नेट असेल तर. आवाज जाईल पण नेट जाणार नाही असा पट्टा समुद्रात पुष्कळ आहे.

अडचणीच्या वेळी स्पीकर बंद. फोन कानाला. सुरक्षित असेल तर इंजिन न्यूट्रलला आणा, दोन मिनिटं नीट बोला. तटरक्षक दलाचा मोफत नंबर १५५४ सगळ्या खलाशांच्या फोनमध्ये सेव्ह असू दे. बोटीवर डॅट असेल तर त्याचं बटणही दाबा. डॅटमधून आवाज जात नाही, नुसता संकेत आणि जागा उपग्रहावरून जाते, त्यामुळे त्यात ऐकण्याची चूक होण्याचा प्रश्नच नाही.

व्हीएचएफ आणि भोंगा

व्हीएचएफबद्दल एक चांगली गोष्ट. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, या जुन्या पद्धतीत घुमणं जवळजवळ नाहीच. बटण दाबलं की सेटचा स्वतःचा स्पीकर बंद होतो. फेरी पुरी होतच नाही. लोकांना ते बटण कटकट वाटतं, माझ्या मते केबिनमधलं सगळ्यात शहाणं यंत्र तेच आहे.

पण एकाच केबिनमध्ये दोन सेट असले की गणित बदलतं. बसवलेला २५ वॅटचा सेट आणि बाजूला हातातला छोटा सेट, दोन्ही चॅनेल १६ वर, दोन्हीचा आवाज चढवलेला. मोठ्या सेटवर बटण दाबलं की छोटा सेट ते पकडतो, त्याच्या स्पीकरमधून ते बाहेर येतं आणि मोठ्या सेटच्या माईकमध्ये शिरतं. कुंईं. ही शिटी तुमच्या केबिनपुरती राहत नाही, ती त्या चॅनेलवर आजूबाजूच्या सगळ्या बोटींच्या कानात जाते. चॅनेल १६ संकटाच्या हाकेसाठी आहे. तिथे शिटी वाजत असताना दुसऱ्या कुणाची हाक बुडू शकते. उपाय एका सेकंदाचा, बोलण्याआधी दुसऱ्या सेटचा आवाज शून्यावर. जेटीला बोटी एकमेकींना लागून बांधलेल्या असतात तेव्हा शेजारच्या बोटीचा सेटही हाच खेळ करतो.

हातातल्या काही सेटमध्ये बटण न दाबता, आवाज ऐकला की आपोआप सुरू होण्याची सोय असते. हात मोकळे राहतात म्हणून ती कामाची वाटते. बोटीवर ती बंद ठेवा. इंजिनाचा आवाजच तिला पुरतो. सेट सुरू होतो आणि सुरूच राहतो, चॅनेल अडवून बसतो. असे दोन सेट जवळ असले तर एकाचा स्पीकर दुसऱ्याला जागं करतो, आणि माणूस एक शब्द बोलला नाही तरी दोन सेटच्या गप्पा चालतात.

व्हीएचएफचा माईक तोंडाजवळ धरा, दोन-तीन बोटांच्या अंतरावर, आणि जरा तिरका, म्हणजे श्वासाचा फुसकारा आत जात नाही. ओरडायची गरज नाही. इथे एक साधा हिशेब आहे. माईक ४० सेंटिमीटरवरून १० सेंटिमीटरवर आणला तर तुमचा आवाज माईकला साधारण चौपट मिळतो, आणि इंजिनाचा मात्र आहे तेवढाच राहतो. मुठीत माईक झाकून धरू नका. गोंगाट कमी करणाऱ्या माईकना मागच्या बाजूलाही भोक असतं, ते झाकलं की तो साधा माईक होतो, आणि शिटीही लवकर धरतो.

डेकवर हुकूम द्यायला काही बोटींवर भोंगा असतो. पर्ससीनवर तर तांडेलाचं "थांब" आणि "सोड" यांवर माणसांच्या बोटांचा, हातांचा प्रश्न असतो. भोंगा केबिनकडे तोंड करून लावू नका. भोंग्याचा आवाज समोर जास्त, मागे कमी. त्यामुळे तो केबिनच्या छतावर पुढे काढून, तोंड कामाच्या जागेकडे, पाठ खिडकीकडे असा बसवा. हुकूम देताना ती खिडकी बंद. माईक बटणाचाच असावा, सतत चालू राहणारा नको.

आता एक गोष्ट जी घुमण्याशी संबंधित नाही, पण स्पीकरची जागा बदलताना नक्की आडवी येईल. प्रत्येक स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो. होकायंत्राशेजारी स्पीकर नेला की काटा हलतो. यंत्राच्या पुस्तिकेत होकायंत्रापासून किती दूर ठेवायचं ते दिलेलं असतं. पुस्तिका हरवली असेल तर स्पीकर हळूहळू जवळ नेऊन काट्याकडे बघा, आणि काटा जिथे जरासा हलतो त्यापेक्षा बराच लांब तो बसवा. भोंगा, ब्लूटूथ स्पीकर, सगळ्यांना हे लागू.

केबिन आणि घर

फायबरच्या भिंती, काचा, लोखंडी छत. केबिन म्हणजे हंडाच. आवाज आपटून आपटून परत येतो. मोकळ्यावर स्पीकरपासून दुप्पट लांब गेलं की आवाज निम्मा होतो, केबिनमध्ये तसं होत नाही, कारण भिंती परत फेकतात. म्हणून नुसतं स्पीकर लांब नेऊन काम भागत नाही. मऊ वस्तू लागतात. जाड पडदा, गादी, मागच्या भिंतीला अडकवलेली घोंगडी. फोमचे तक्ते लावतात काही जण, पण साधा फोम पटकन पेटतो आणि त्याचा धूर विषारी. इंजिनाच्या धुराड्याजवळ, स्टोव्हजवळ तो अजिबात नको. पडदा बरा, काढून धुताही येतो.

फोन थेट डॅशबोर्डच्या फळीवर ठेवला की फळी इंजिनाबरोबर थरथरते आणि ती थरथर सरळ माईकमध्ये जाते. खाली दुमडलेला टॉवेल किंवा रबराचा तुकडा ठेवा, मात्र फोनचा खालचा काठ त्यात बुडू देऊ नका, माईक तिथेच असतो. इंजिनरूमचं दार लावून घ्या. एवढ्यानेही पलीकडच्याला फरक कळतो.

सगळ्यात खात्रीचा उपाय विचाराल तर माईक असलेला साधा इअरफोन. स्पीकरचा आवाज कानातच राहिला, माईकपर्यंत गेलाच नाही, फेरीच तुटली. पण तो केबिनपुरता, आणि एकाच कानात. व्हिंचजवळ लोंबणारी वायर नको, आणि दोन्ही कान बंद करून डेकवर कुणीही उभं राहू नये.

घरीही तेच नियम. हॉलमध्ये टाइल्स, स्लॅब, मोकळ्या भिंती. फोन स्टीलच्या ताटाशेजारी किंवा काचेच्या टेबलावर ठेवण्याऐवजी खाटेवर, चादरीवर ठेवा, टीव्ही बंद करा, आवाज अर्ध्यावर. सोसायटीच्या ग्रुप कॉलला एकाच खोलीत दोघांनी दोन फोन लावू नका. एक फोन दुसऱ्याचा आवाज ओळखत नाही, वजाबाकी करत नाही, शिटी ठरलेली. एकाने फोन बंद करून दुसऱ्याच्या फोनवर बोलावं. ऐकत असताना आपला माईक बंद ठेवायची सवय लावा.

बोट जेटीला आहे तोवर एक संध्याकाळ काढून बघा. एक जण केबिनमध्ये, एक घरी. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून. केबिनमधल्याने दहा आकडे वाचायचे, बेचाळीस ते एक्कावन्न, मागेपुढे करून, आणि घरच्याने ते कागदावर लिहायचे. मग तेच आकडे सुटे करून वाचायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. इंजिन उघडलेलं असेल तर ही परीक्षा ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी, बर्फ भरत असताना करा, त्या वेळी इंजिन चालू असतंच.